चित्रातली कपार

"थांबा, हार घालायचा न्हाय!" हंबीरराव माइकवरून ओरडले. "आमच्या बाईंनी जल्मात फूल तोडलं न्हाय. त्यांना तोडलेली फुलं द्यायची व्हय? आज रोप द्यायचं."

सभागृह हसलं. त्रिशलाबाईही हसल्या. समोरच्या टेबलावर ओळीने कुंड्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर हिरवं फडकं. मंचावर बसलेल्या प्रत्येकासाठी एक.

दिवस आनंदाचाच होता. पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर होणारी खाण रद्द झाली होती, आणि ती बाईंच्या एका चित्रामुळे. तेच चित्र आज मंचामागे भिंतभर लावलं होतं.

त्या पठारावर, एकाच कपारीत, कंदीलपुष्पाची एक जात उगवायची. बाईंनी ती दुसरीकडे कुठेही पाहिली नव्हती. रोप वीतभर, फूल कंदिलाच्या आकाराचं, आतून केसाळ. चिलट आत शिरलं की ते केस त्याला अडवून धरतात. मग केस सुकतात, आणि चिलट पराग घेऊन शेजारच्या फुलाकडे जातं. शेजारी फूल नसेल तर बी धरत नाही.

कुरुंदवाडच्या शाळेत चित्रकला शिकवत असल्यापासून बाई दर श्रावणात तिथे जायच्या आणि ओल्या कातळावर पालथ्या पडून ती फुलं रंगवायच्या. नवरा, भूपाल, डोक्यावर छत्री धरून कंटाळायचा. "अगं, एक उपटून घे की. घरात खुर्चीत बसून काढ."

"मग पुढच्या वर्षी काय काढू?" बाई मान न वळवता म्हणायच्या.

फुलामागचा कागद त्या कायम कोरा सोडत. जागा कुणाला कळू नये म्हणून. भूपाल गेला, त्यानंतर ती वाट माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नाही.

यंदा खाणीची सुनावणी लागली. "तिथं काय हाय? नुसता दगड," असं खाणवाले म्हणाले. तेव्हा बाईंनी पहिल्यांदा मागचं सगळं रंगवलं. कपार, तिच्यावर कललेला धोंडा, लांबवर पन्हाळ्याचा बुरूज. पाहणाऱ्याला शंकाच उरू नये, इतकं नेमकं. त्यांचे जुने विद्यार्थी हंबीरराव यांनी ते चित्र चौकाचौकात लावलं. शिरोळपासून कागलपर्यंत लोकांनी सह्या केल्या. पठार वाचलं.

हंबीररावांनी पहिल्या कुंडीवरचं फडकं ओढलं आणि ती बाईंच्या हातात दिली.

बाईंना आधी वाटलं, कुणीतरी कागदाचं केलंय. हुबेहूब केलंय. मग पंख्याच्या वाऱ्याने देठ हलला.

टाळ्या वाजत होत्या. एकेक फडकं निघत होतं. प्रत्येक कुंडीत तेच फूल होतं. बाईंनी हातातल्या कुंडीतली माती बोटाने बाजूला केली. खाली अर्धाच कंद होता, पहारीने चिरलेला.

"हंबीर," त्या हळूच म्हणाल्या, "तिथं काही ठेवलीत ना रे?"

"छ्या! एक बी सोडलं न्हाय." हंबीररावांचा चेहरा फुलला होता. "खाणवाल्यांचा काय भरवसा, बाई? उद्या रातोरात फोडतील. तुमच्या चित्रावरनं जागा हुडकली. सकाळीच पोरं घेऊन गेलतो. कपार फोडून झाडून सगळी आणली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि ह्या वयात त्या दगडावर पालथं किती पडायचं? आता घरात खुर्चीत बसून काढा की."

बाईंनी हंबीरच्या हातांकडे पाहिलं. त्याच्या नखांत अजून लाल माती होती. लहानपणी त्याच्या नखांत रंग असायचा.

"बाई दोन शब्द बोलतील," कुणीतरी माइक पुढे केला.

बाई कुंडी घेऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात फुलातून एक चिलट बाहेर आलं. त्याला परागांचे पिवळे ठिपके चिकटले होते. पाकळीच्या कडेवर ते जरा थांबलं, मग उडालं. बाई माइककडे पाठ करून त्याच्यामागे वळल्या.

चिलट भिंतीवरच्या चित्रातल्या कपारीपाशी गेलं. रंगवलेल्या एका फुलावर बसलं, आणि आत जायची वाट शोधू लागलं.