आरशातलं बोलणं

"व्रण केसांखाली झाकला जातो, साहेब. मुलीचं शिवणाचं दुकान सुरू आहे, गिऱ्हाईक येतंय," वकील म्हणाले. "दवाखान्याचं बिल आमच्या पक्षकारांनी दिलंय. आता आणखी कशाची भरपाई?"

हे वकील कापडदुकानदाराचे. त्याच्या दुकानाच्या काचेच्या दाराची बिजागरी कधीची निखळायला आली होती, लोकांनी सांगूनही झालं होतं, आणि हे वकीलही नाकारत नव्हते. एके दिवशी ते दार या मुलीच्या अंगावर आलं. गाल फाटला, आतली नस तुटली. टाके सुकले, पण डावा ओठ, डावा गाल, डावी पापणी, काही म्हणजे काही हलेल तर शपथ. नस जोडायचं ऑपरेशन होण्यासारखं होतं, फक्त लवकर करायला हवं होतं. ते करायचं तर भरपाई मिळायला हवी होती.

"माझं आईशी बोलणं गेलं," मुलगी म्हणाली. "त्याची भरपाई."

दावे ऐकणाऱ्या साहेबांना काही उमजलं नाही. मुलीने शेजारच्या खुर्चीवरच्या आईकडे हात केला. तरुणपणी आलेल्या तापात आईचे कान गेले, तेव्हापासून ती माणसांचे ओठ वाचते. मुलीचे बोबडे बोलही तिने डोळ्यांनीच ऐकलेले. आता मात्र मायलेकी एका खोलीत बसून मोबाईलवर निरोप लिहितात, जशा काही दोन गावांत राहतात.

साहेब मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"'हे जरा अतीच होतंय,' म्हणताहेत," आई म्हणाली. तिचा आवाज एका सुरातला, आणि त्या खोलीसाठी जरा मोठाच.

साहेब ओशाळले. वकिलांनी आपली फाईल हळूच तोंडासमोर धरली.

"बरं," साहेब मुलीला म्हणाले, "आता तुम्ही बोला त्यांच्याशी."

मुलगी आईकडे वळली. कितीतरी दिवसांत ती अशी आईसमोर तोंड करून बसली नव्हती. "दूध झाकून आलीस ना?" तिने विचारलं. उजवा ओठ शब्दांमागे धावला, डावा तसाच पडून राहिला.

आई बघत राहिली. पुढे झुकली, मान तिरकी केली, पुन्हा बघितलं.

"नाही कळत," ती म्हणाली.

साहेबांनी पेन उचललं. मुलीने मोठा श्वास सोडला. काम फत्ते झालं होतं, आणि तिला रडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात आई उठली. आपल्याला स्वतःच्या लेकीचं बोलणं कळत नाही, हे चारचौघांत लिहून ठेवलं जाणार, हे काही तिला सोसवेना. ती सरळ भिंतीजवळच्या कपाटापाशी गेली आणि त्याच्या काचेकडे तोंड करून, लेकीकडे पाठ करून उभी राहिली.

"आता बोल," ती म्हणाली.

मुलगी कपाळाला हात लावून आईच्या पाठीकडे बघत राहिली. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आई, बस ना खाली. जिंकत आलो होतो आपण."

"'आई, बस ना खाली, जिंकत आलो होतो आपण,' म्हणतेय," आईने खणखणीत सांगून टाकलं.

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. वकिलांनी तर तोंडासमोरची फाईल खाली घेतली आणि कुणाचे वकील आहोत हेही क्षणभर विसरले.

"हे कसं काय?" साहेबांनी विचारलं. ते काचेत बघून बोलले, जोर देऊन, एकेक शब्द सुटा करून.

"ही माझ्याशी बोलतच नाही. तोंड फिरवते," आई म्हणाली. "पण गिऱ्हाइकाशी तर बोलावंच लागतं. मी खाली बसून बटणं लावत असते, आणि समोर मापाचा मोठा आरसा. त्यात दिसते ती. रोज बघून बघून शिकले. समोरासमोर आली की मला सगळं उलटं पडतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मुलगी म्हणाली.

"आधी नीट येऊ दे म्हटलं," आईने काचेतल्या मुलीला उत्तर दिलं. "पहिल्यांदा शिकले तेव्हा तू होतीस कुठे? आता या वयात पुन्हा धुळाक्षरं."

मुलगी बघतच राहिली. गिऱ्हाइकांना कमरेचं माप विचारताना, उधारीवरून हुज्जत घालताना, सारा वेळ आई खाली बसून तिचं मोडकं तोंड गिरवत होती.

वकील भानावर आले. घसा साफ करून ते म्हणाले, "आईंचं कौतुकच आहे, साहेब. पण म्हणजे नुकसान काही उरलं नाही."

साहेबांना ते पटलं नाही आणि खोडूनही काढता येईना. ते पुन्हा काचेकडे वळले. "म्हणजे मुलीचं आता सगळं कळतं तुम्हाला?"

"बोललेलं सगळं कळतं," आई म्हणाली. थोडा वेळ ती काचेत बघत राहिली. मग वळली आणि लेकीकडे समोरून बघू लागली. "हसतेय की रडतेय, ते नाही कळत."

साहेबांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वकिलांनीही पाहिलं. तो अर्धा हलत होता, आणि त्या दोघांनाही ते सांगता येईना.