एज्राच्या मक्यातलं हरीण

या, असे पुढे सरका. दाराशी बसलेल्याच्या कानी गोष्ट अर्धीच पोचते. हरणाची आहे, लहानशीच. पण मन लावून ऐका.

रविवारची सकाळ होती, पेनसिल्व्हेनियातल्या ऑक्टोबरातली, आणि ऊन चढत चाललं होतं. मर्ल हाउप्ट वाकून रक्ताचा माग काढत होता. आदल्या संध्याकाळी त्याचा बाण हरणाला काळजाच्या वीतभर मागे लागला होता. बाण उचलून त्याने हुंगला आणि तो आंबूस वास येताच मुकाट्याने घरी परतला. पोटात लागलेल्या हरणामागे लगेच धावायचं नसतं. पाठीशी कुणी नसलं की ते जवळच बसतं आणि बहुधा तिथेच प्राण सोडतं. उठवलं तर कोसभर पळतं आणि कुठल्याशा झुडपात दोन दोन दिवस झिजत मरतं. मर्लचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

थेंब दिसेल तिथे फांदीला कागदाचा कपटा अडकवत तो शेजारच्या एज्राच्या शेताच्या कुंपणापाशी आला. शेवटचा थेंब तारेवरच होता. पलीकडे ओढ्याकाठी न कापलेला मका, वाळून खडखडीत झालेला. त्याच्या कडेला हरीण बसलेलं. मान वर. जिवंत.

मक्यापुढे एज्राचं कोठार. आमिश म्हणजे जुन्या साध्या रीतीने राहणारे ख्रिस्ती, चर्च न बांधता पाळीपाळीने एकमेकांकडे जमणारे; आज आसपासच्या साऱ्या आमिश मंडळींची उपासना तिथे होती. काळ्या घोडागाड्या रांगेने सोडलेल्या, आणि उघड्या दारातून उपदेशकाचा आवाज सुरात, वरखाली होत येत होता. दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा तिथला कायदा. आणि ज्याला विचारायचं तो आत बाकावर.

"काय रे मर्ल, पंथ बदलायला आलास की काय?"

एज्राची आई, मालिंडा. सत्तरी उलटलेली. किरकिरणाऱ्या नातीला खांद्यावर टाकून कोठाराबाहेर, कुंपणापर्यंत आली होती.

मर्लने टोपी काढली आणि मक्याकडे बोट दाखवलं. "माझं हरीण आहे. एज्राला विचारायचं होतं. उपदेश संपेपर्यंत थांबतो."

"थांब की. हा पहिलाच चाललाय. दुसरा माझा भाऊ करणार. तो नोहाच्या तारवापासून सुरुवात करतो. मोशे समुद्रापार पोचेपर्यंत आमच्या पोटात कावळे ओरडतात."

"तोवर फार हाल होतील हो त्याचे."

"मग विचारतोस काय? जमीन एज्राची, पण एज्रा माझा. जा."

मर्ल हलला नाही. "रविवार आहे, मालिंडा. तुमची उपासना चालू असताना तुमच्याच रानात बाण सोडू?"

"येशूनेच विचारलंय ना, विश्रांतीच्या दिवशी बैल खड्ड्यात पडला तर काढत नाहीस?"

"मी काढायला नाही आलो. मारायला आलोय."

"खड्डा कुणी खणला?"

मर्लने टोपी परत घातली. धनुष्य पुढे सरकवून तो तारेखालून आत शिरला.

मका पावलागणिक वाजायचा. म्हणून तो उपदेशकाच्या सुरावर चालू लागला. आवाज चढला की एक पाऊल, उतरला की थांबायचं. हरणाचे कान कोठाराकडे होते. मधे मक्याची ताटं होती. बाणाला मोकळी वाट मिळायला अजून थोडं पुढे जायला हवं होतं.

तेवढ्यात आवाज थांबला. उपदेशक नवा होता, त्याचे शब्द लवकर संपले. आत बाकं करकरली, सगळे गुडघ्यांवर आले आणि मूक प्रार्थना सुरू झाली. ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. या प्रार्थनेत कुणी खोकतही नाही.

मर्लचा एक पाय अधांतरी राहिला. हरणाचे कान त्याच्याकडे फिरले. त्याने मागचे पाय अंगाखाली आवळले. आता उठलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे नुसतं जंगल.

तेव्हा मालिंडा गाऊ लागली.

तान्ह्यांना निजवायचं साधं गाणं. आवाज म्हातारा, कडेला फाटलेला, पण तिने तो दाबला नाही. हरणाने मान तिच्याकडे वळवली. मर्लचा पाय खाली आला. मग दुसरा. धनुष्य ताणलं गेलं.

कडवं अर्ध्यावर असताना बाण सुटला. हरणाचं डोकं मक्यात टेकलं. मर्ल त्याच्या शेजारी बसला, मानेवर हात ठेवून, सगळं शांत होईपर्यंत. मग त्याने हात वर केला आणि मालिंडा गायची थांबली.

प्रार्थना संपल्यावर एज्रा बाहेर आला. त्याच्या मागे दारात दोन वडीलधारे उभे राहिले. एज्राने मक्याकडे पाहिलं, मर्लकडे पाहिलं आणि आईजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आई, सगळ्यांनी ऐकलं. बिशप विचारणार. पोर रडत होती म्हणून गायलीस, असं सांगतो."

"पोर केव्हाच झोपली, एज्रा."

"अगं, मग प्रार्थना मोडली म्हणून मंडळीपुढे गुडघे टेकून माफी मागावी लागेल."

"टेकीन की. टेकायला काही होत नाही, उठताना तेवढा हात दे."

नातीला त्याच्या हातात देऊन ती आत गेली, आपल्या जागेवर, बायकांच्या बाकाकडे.

गोष्ट एवढीच. तुमच्या देवाला तुम्ही ज्या नावाने हाक मारत असाल त्याच नावाने मारा. पण हात जोडाल तेव्हा मालिंडाची आठवण असू द्या.