पोलीस वसाहतीवरचा ठिपका

"हा ठिपका पुसा," साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. नकाशात पोलीस वसाहतीच्या डोक्यावर एकच लाल ठिपका ठसठशीत बसला होता.

संगणकापुढे बसलेला पोरगा, ऑफिसात सगळे त्याला दाढीच म्हणत, खुर्चीत सावरून बसला. लोकांनी फॉर्मवर भरलेल्या जबाबांवरून कायद्याचं राज्य कुठे किती, ते रंगात दाखवणारं सॉफ्टवेअरचं पॅकेज त्याने आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मिळून लिहिलं होतं. हिरवं म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे जीव मुठीत. उद्या नकाशा सगळ्यांना खुला होणार, आणि आज पोलिसांतले हे बडे साहेब दत्त म्हणून हजर!

"जबाब वाच," साहेब त्याच्यावर डाफरले. बाईंकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

दाढीने ठिपक्यावर क्लिक केलं. "पोलिसाने मारलंय? हो. कुठे? घरात. तक्रार केली? नाही. का? ऐकणाराही तोच."

"कोण आहे ही?"

"नाव नसतं, साहेब. बाई की पुरुष, तेही पॅकेज दाखवत नाही."

बाईंनी चहाचा कप साहेबांपुढे आदळला. बिनसाखरेचा, तोही न विचारता. दाढी मनातल्या मनात चरफडला. पण साहेबांनी तो मुकाट्याने घेतला.

तेवढ्यात दाढीला युक्ती सुचली. "चाचणीचा असेल, साहेब! फॉर्म चालतो का बघायला आम्ही दोघांनी आपापल्या घरून एकेक जबाब भरला होता. नंतर ते पुसायचे असतात. एखादा राहिला असेल. हो ना, बाई?"

बाईंनी नुसती मान हलवली असती तरी सगळे सुटले असते.

"तुझा पुसलाय मी," बाई म्हणाल्या. "हा जबाब खरा आहे. राहील."

"यांना सांग, नोकरी जाईल," साहेब दाढीलाच म्हणाले.

"जाऊ दे." पंखा बंद, घामाच्या धारा, तरी बाईंनी लांब बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि पुढे वाकून बटण दाबलं. उद्याचा नकाशा आजच जगजाहीर झाला.

दाढीने डोळेच मिटले. हट्टी बाईपायी त्याच्याही पोटावर पाय येणार होता. असा राग त्याला बाईंचा कधी आला नव्हता.

साहेबांनी टोपी उचलली. दाराशी थांबून ते पहिल्यांदाच बाईंकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "आवर. मी गाडीत थांबतो. बाकीचं घरी बोलू."