टायरवरचा आकडा

त्याने मोठ्या हौसेने जीपला थोराड टायर बसवले आणि टायरवर छापलेल्या आकड्याइतकी हवा ठासून भरली. तेव्हापासून जीप खड्ड्याखड्ड्याला उडायची आणि वडील कंबर धरून उतरायचे.
"नाचता येईना, अंगण वाकडं! जीप ठणठणीत आहे बाबा, कंबर म्हातारी झालीय तुमची," तो हसायचा.

आज टायरवाल्याने हवा मोजली आणि कपाळावर हात मारला. "अहो, टायर जास्तीत जास्त किती सोसेल, त्याचा आकडा आहे हा! तुमच्या जीपला निम्मी हवा पुरे."

हवा कमी केल्यावर त्याच खड्ड्यांतून जीप अलगद घरी आली. दारातूनच, मान खाली घालून त्याने हाक मारली, "बाबा, चला, एक चक्कर मारून येऊ."


"आलोच," म्हणत वडिलांनी उशीखालचा कंबरेचा पट्टा काढला आणि निमूटपणे आवळायला घेतला.