बाहेर उतरवायचं नाही

अवसरीच्या घरात, पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली संस्कृती रडकुंडीला आली होती. ती एका डिजिटल कुलपासाठी कोड लिहीत होती. त्याची गुप्त किल्ली प्रोसेसरच्या आतल्या मोजक्या जागांमध्ये, म्हणजे रजिस्टरमध्येच धरून ठेवायची होती. बाहेर मेमरीत उतरवली, तर चोराला ती वाचता आली असती. आणि तो कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सकाळपासून एकच एरर देत होता: रजिस्टर उरलं नाही, काहीतरी मेमरीत उतरवा.

तिच्या डोक्याचंही तेच झालं होतं. काल मंचरच्या दवाखान्यातून औषधं आणताना वडिलांनी, अण्णांनी, मोटारसायकल रस्त्याकडेला घेतली होती. "तुझ्या आईचं दुखणं आता बरं व्हायचं न्हाई. पण तिला कळू देऊ नको. लई खचंल ती."

कांदे निवडता निवडता आई उठली आणि तिच्याशेजारी येऊन टेकली.

"मला सगळं म्हाईत हाय गं. डॉक्टरला मीच इचारलं व्हतं. पण ह्यांना कळू देऊ नको. लई खचतील."

डोळे लपवायला संस्कृतीनं स्क्रीनकडं पाहिलं, आणि तिला चूक दिसली. एकच किल्ली दोन वेगळ्या नावांनी दोन रजिस्टर अडवून बसली होती. तिनं त्यातलं एक नाव खोडलं. एरर गेला.

लॅपटॉप मिटून तिनं गोठ्याच्या दिशेनं हाक मारली.


"अण्णा, हातातलं ठेवा आणि इकडं या. आईजवळ बसा."