मोठी अक्षरं

ऑफिसातले कम्प्युटर आपोआप अपडेट झाले की ताईंच्या स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी होऊन बसायची. नजर अधू झाल्याचं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता. शेजारच्या टेबलावरचे डावखुरे अण्णा मात्र ओळखून होते. "ताई, तुम्ही चहा घेऊन या," म्हणत ते तेवढ्यात अक्षरं मोठी करून ठेवायचे.

अण्णा वारले त्याला महिना झाला.

आज सकाळी ऑफिसचं कुलूप ताईंनीच उघडलं. अपडेट होऊन गेलं होतं. धास्तावतच त्यांनी कम्प्युटर लावला, तर अक्षरं चांगली ऐसपैस. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला.

ताईंनी त्याला हात लावला नाही.

"अण्णा," त्या हळूच म्हणाल्या, "हल्ली एवढीही दिसत नाहीत हो."

माउस जरासा सरकला.