दुसरी रेघ

ते साल दोन हजार पंधरा. दातांच्या दवाखान्यात, बेसिनपाशी, बँडमास्तर हातात प्लास्टिकचा छोटा पेला घेऊन उभे होते आणि त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती.

"अहो, गुळणी करून त्यात थुंकायचं, एवढंच तर आहे," बायको हळूच म्हणाली.

"एवढंच? माझे पुढचे चार दात या पेल्यात आहेत."

ते खोटं नव्हतं. त्यांचे वरचे चार दात हलत होते. डॉक्टरीणबाईंनी आधीच साफ सांगितलं होतं, की हिरड्या पोखरल्या जात असल्या की थुंकीत एक द्रव्य उतरतं आणि ते पट्टीवर कळतं. पट्टीवर एकच रेघ आली तर आजार निवलाय. दात तारेने बांधून सांभाळू. दुसरी उमटली तर आत हाड झिजतंय. मग चारही काढायचे, नाहीतर ते शेजारच्यांनाही घेऊन जातील. आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की ओठांना टेकू कुठला? कवळीवर तो सूर लागत नाही, हे मास्तरांनी आपल्या गुरूंच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. मास्तरांनी पेला बायकोच्या हातात कोंबला.

"तू दे."

"मी?"

"तुझी बत्तिशी शाबूत आहे. या वयात दातांनी अक्रोड फोडतेस."

"लबाडी अंगाशी येते हो."

"आधी थुंक, मग उपदेश कर."

इतक्या वर्षांत तिने त्यांचे गणवेश इस्त्री केले होते, ट्रम्पेटच्या नळ्या पुसल्या होत्या, त्यांच्या वतीने शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली होती. त्यांच्यासाठी थुंकायचं तेवढं राहिलं होतं. तिने गुळणी केली, पेल्यात सोडली आणि पेला उजेडाकडे धरून पाहिला. लाल नव्हतं. तिला हायसं वाटलं. रोज सकाळी दात घासताना बेसिनमध्ये लाल उतरायचं आणि कोणी पाहायच्या आत ती नळ मोठा सोडायची. वय झालं की हे व्हायचंच, अशी तिची समजूत.

"काय मास्तर, एवढा वेळ?" डॉक्टरीणबाई फोन ठेवून आल्या. "मला वाटलं, गुळणीला साथ द्यायला बँडच बोलावताय."

मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी पेल्यातले थेंब पट्टीवर सोडले. पहिली रेघ लगेच आली. मास्तरांची तीन बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप दाबली जात होती, ट्रम्पेटच्या बटणांवर दाबावीत तशी. बायको त्या बोटांकडे बघत होती, म्हणून तिला आधी कळलंच नाही. बोटं थांबली तेव्हा तिने पट्टीकडे पाहिलं.

दुसरी रेघ पुसट आली, मग गडद होत पहिलीच्या तोडीस तोड झाली.

"अरेरे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत चांगलंच पेटलंय. वरून काही दिसत नसलं तरी हे असतं, त्यासाठीच तर ही पट्टी. असंच सोडलं तर एकेक दात हातात येईल. मास्तर, आज दोन काढून टाकू."

बायकोने जीभ आपल्या दातांवरून फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

बोलायचं तरी कोणी? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरू लागल्या तशी ती घाईने पुढे झाली. "बाई, आज राहू दे. आम्ही घरी विचार करतो, मग येतो." आणि नवऱ्याच्या दंडाला धरून पुटपुटली, "उठा. चला आधी इथून."

वाट मोकळी होती. दुसरा दवाखाना होता, दुसरा पेला मिळाला असता, आणि मागायला अजून एखादं तोंड. मास्तर उठलेही. दारापर्यंत गेले. दाराजवळ तिने तोंडावर पदर धरला होता, सहज धरावा तसा.

मास्तर थांबले.

"डॉक्टर, ती थुंकी माझी नाही," ते म्हणाले. "मी उठलोय. हिला बसवा."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

"आणि तुमचं काय, मास्तर?"

"मला दुसरा पेला द्या."

या वेळी तोंडाला कोरड पडली नाही.

त्यांच्याही पट्टीवर दुसरी रेघ आली. चारही दात गेले आणि ट्रम्पेट पेटीत गेला. बँडपुढे काठी घेऊन ते आणखी काही वर्षं उभे राहिले. मागून कोणी बेसूर फुंकलं की न वळता त्याला शिव्या घालायचे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा कधी कोणाला पेला घेऊन नजरेआड जाऊ दिलं नाही. आता त्या थकल्यात, दवाखाना लेक बघते. बायकोच्या हिरड्या निवायला बरेच महिने लागले, पण बत्तिशी अजून तिच्याच तोंडात आहे.

अजूनही रोज सकाळी ती दात घासायला गेली की मास्तर बोळक्या तोंडाने दाराबाहेर उभे राहतात.

"नळ सोडू नकोस. आधी रंग सांग."

"पांढरा," ती आतून ओरडते.

मग ते आत डोकावून स्वतः बघतात, आणि नळ सोडतात.